उजवीकडे अधिक, डावीकडे उणे

व्ही-आठ इंजिनात हवा एकदाच मोजली जाते आणि पेट्रोल मात्र दोन रांगांना वाटलं जातं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथेच आहे. थ्रॉटलच्या आधी बसवलेला मास एअर फ्लो सेन्सर आत गेलेली हवा मोजतो, संगणक ती सगळ्या सिलिंडरांत सारखी वाटली गेली असं धरून चालतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर उघडतो. उजव्या बँकेतल्या चार सिलिंडरांना डाव्या चारांइतकीच हवा मिळाली का, हे त्याला आत जाणाऱ्या हवेवरून कळायला मार्ग नाही. एकत्र कुटुंबात धान्य एकदाच मोजायचं आणि दोन चुलींना निम्मं-निम्मं द्यायचं, तसा हा कारभार. कोणत्या चुलीवर किती माणसं जेवली ते नंतर उरलेल्या भांड्यांवरून ओळखायचं.

ती भांडी म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन. बॉशने बनवलेला झिर्कोनियाचा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला, आणि त्याचं काम आजही तेच आहे: जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन उरला आहे की नाही एवढंच सांगणं. उरला तर व्होल्टेज ०.१ च्या आसपास, नाही उरला तर ०.९ च्या. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग या प्रमाणाशी तो ०.४५ व्होल्टवरून झपकन इकडचा तिकडे होतो. संगणक त्यावरून पेट्रोल घटवत-वाढवत राहतो: वाढवलं तर आकडा अधिक, घटवलं तर उणे. ही क्षणोक्षणीची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, आणि रोजच्या अनुभवावरून स्मरणात मुरलेली दुरुस्ती म्हणजे लाँग टर्म. दोन्हींची बेरीज करूनच वाचायची. नुसती एक बघून मत बनवणाऱ्या माणसाने हातात पाना घेऊ नये. बेरीज पाच टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन ठीक, दहाच्या वर गेली तर शोध सुरू करायचा, आणि वीस-पंचविसाच्या पुढे संगणक स्वतःच दिवा लावतो. नव्या पद्धतीच्या कोडांत पी ०१७१ म्हणजे पहिली बँक लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पी ०१७४ म्हणजे दुसरी लीन. पी ०१७२ आणि पी ०१७५ म्हणजे त्याच दोघी रिच (पेट्रोल जादा).

दोन्ही बँकांचे आकडे वेगळे येतात तेव्हा बहुतेक लोक जास्त वाईट दिसणाऱ्या आकड्याच्या मागे लागतात. माझ्या मते आधी दोन साधी गणितं करावीत: सरासरी आणि फरक. उजवीकडे अधिक १२ आणि डावीकडे उणे १० असेल, तर सरासरी अधिक १. म्हणजे हवेचं एकूण माप बरोबर आहे, पेट्रोलचा दाब बरोबर आहे, पंप आणि फिल्टर यांच्यावर संशय घ्यायचं कारण नाही. ज्या ज्या गोष्टी दोन्ही बँकांना सामाईक आहेत त्या सगळ्या एका झटक्यात सुटल्या. उलट उजवीकडे अधिक १८ आणि डावीकडे अधिक १४ असेल तर फरक फक्त ४ आणि सरासरी १६. इथे बँकांची तुलना करत बसणं व्यर्थ, एअर फ्लो सेन्सर मळलेला आहे, थ्रॉटलच्या मागचा होज फाटलेला आहे किंवा पेट्रोलचा दाब पडला आहे. एकाच इंजिनात, एकाच पेट्रोलवर, एकाच हवेत चालणारी दुसरी बँक ही तुलनेसाठी फुकट मिळालेली वस्तू आहे. चार सिलिंडर एका रांगेत असलेल्या गाडीच्या मालकाला ही चैन नाही.

तपास सुरू करण्याआधी एक कंटाळवाणं पण चुकवता न येणारं काम आहे: पहिली बँक कोणती ते नक्की करणं. नियम सोपा, ज्या रांगेत पहिला सिलिंडर ती पहिली. घोळ होतो तो कंपनीनुसार. डाव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या अमेरिकन गाडीत फोर्डच्या व्ही-आठचे १ ते ४ सिलिंडर उजवीकडे, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला. जनरल मोटर्सच्या व्ही-आठचे १, ३, ५, ७ डावीकडे, चालकाच्या बाजूला. आडव्या बसवलेल्या व्ही-सहामध्ये, म्हणजे आपल्याकडे विकल्या गेलेल्या जुन्या होंडा अकॉर्ड व्ही-सहासारख्या गाडीत, पहिली बँक फायरवॉलला चिकटलेली, हात न पोचणारी. आणि बीएमडब्ल्यूच्या एम-५२, एम-५४ या सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनांत रांग एकच असली तरी संगणकाच्या दृष्टीने बँका दोन: पुढचे तीन सिलिंडर आणि मागचे तीन. चुकीच्या बाजूचा सेन्सर बदलून झाल्यावर हा नियम शोधणारे पुष्कळ आहेत.

संगणकाकडून असे आकडे आणि कोड मिळवण्याची प्रमाणित पद्धत म्हणजे ओबीडी-२. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं. भारतात ते बीएस-४ च्या काळात, २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांत हे आकडे मिळवणं हाच अर्धा तपास असतो. जनरल मोटर्सच्या जुन्या संगणकात टक्के नसतात, १२८ हा मध्य असतो: १३८ म्हणजे जवळपास आठ टक्के जादा, १६० म्हणजे पंचवीस टक्के जादा. फोर्डच्या त्या काळातल्या ईईसी-४ संगणकात तर साध्या स्कॅनरला चालू आकडे मिळतच नाहीत. संगणकाच्या मागच्या जे-३ पोर्टला वेगळं उपकरण लावावं लागतं, नाहीतर दोन अंकी कोडांवर भागवावं लागतं: ४१ उजवी लीन, ४२ उजवी रिच, ९१ डावी लीन, ९२ डावी रिच.

इथे अनेकजण मल्टिमीटर घेऊन दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांचं व्होल्टेज बघतात, दोन्ही छान ०.१ ते ०.९ मध्ये नाचताना दिसतात, आणि मग दोष नाहीच असा निष्कर्ष काढतात. हा गैरसमज मुळातून काढायला हवा. ट्रिम आपलं काम नीट करत असेल तर सेन्सर दोन्हीकडे नाचणारच. बिघाड सेन्सरच्या व्होल्टेजमध्ये दिसत नाही, तो झाकायला संगणकाने केलेल्या खर्चात दिसतो. तो खर्च म्हणजे इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ. ऑसिलोस्कोप असेल तर दोन्ही बाजूंच्या एकेका इंजेक्टरची पल्स मोजावी. समजा डावीकडे ३.० मिलिसेकंद आणि उजवीकडे ३.५ आली. वरवर फरक सतरा टक्क्यांचा. पण इंजेक्टरची सुई उचलली जाईपर्यंतचा वेळ त्यात वाया जातो; तो ०.९ धरला तर प्रत्यक्ष पेट्रोल वाहण्याचा वेळ २.१ आणि २.६, म्हणजे फरक चोवीस टक्क्यांचा. स्कॅनर नसलेल्या गाडीत याहून विश्वासू साधन मी पाहिलेलं नाही.

या साऱ्या प्रश्नाची प्रयोगशाळा म्हणावी अशी एक गाडी आहे: १९८६ ते १९९३ मधली पाच लिटरची फोर्ड मस्टँग. प्रत्येक बँकेला वेगळा गरम होणारा ऑक्सिजन सेन्सर, आठही इंजेक्टर क्रमाने उडणारे, आणि १९८९ पासून अमेरिकाभर मास एअर फ्लो सेन्सर. स्वस्त आणि सोपी असल्यामुळे तिच्यावर घरच्या गॅरेजात जितके प्रयोग झाले तितके त्या काळातल्या फार थोड्या गाड्यांवर झाले असतील. मूळचे ताशी १९ पौंडांचे इंजेक्टर काढून २४ पौंडांचे टाकायचे आणि संगणकाला हात न लावता, त्या इंजेक्टरांसाठी ‘कॅलिब्रेट’ केलेला एअर मीटर बसवायचा ही तेव्हाची प्रचलित युक्ती होती. मीटर हवा कमी दाखवतो, संगणक कमी वेळ इंजेक्टर उघडतो, मोठ्या इंजेक्टरमधून बरोबर पेट्रोल येतं. मला ही युक्ती कधी पटली नाही, कारण संगणक त्याच खोट्या मापावरून इंजिनावरचा भार काढतो आणि इग्निशनची वेळ बिघडते. पण आपल्या प्रश्नापुरतं एवढं लक्षात ठेवावं की असला मीटर चुकीचा निघाला तरी तो सरासरी हलवतो, फरक नाही. ‘मोठे इंजेक्टर टाकल्यापासून उजवी बँक लीन आहे’ अशी तक्रार आली तर मीटरकडे बघू नये. इंजेक्टर बसवताना खालचा इनटेक मॅनिफोल्ड उचलला होता का, ओ-रिंग कापली गेली का, ते विचारावं.

आता फरकाचे नमुने. आकडे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतील, एकीकडे अधिक आणि दुसरीकडे तेवढेच उणे, तर कारणं मोजकी उरतात.

पहिलं आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे सेन्सरचे कनेक्टर अदलाबदल होणं. गिअरबॉक्स उतरवला, एक्झॉस्ट बदलला, आणि उजव्याचा प्लग डावीकडे गेला. मग उजवी बँक किंचित लीन असेल तर संगणक डावीचं पेट्रोल वाढवतो, डावी रिच झाली की ती बातमी उजवीच्या नावावर पोचते आणि उजवीचं पेट्रोल आणखी कमी होतं, ती आणखी लीन होते. दोन्ही आकडे विरुद्ध दिशांना टोकापर्यंत धावतात. ओळख अशी की स्मरण पुसल्यावर थंड इंजिन गोड चालतं, आणि सेन्सर गरम होऊन संगणक त्यांचं ऐकू लागला की काही मिनिटांत गाडी लंगडायला लागते. खात्री करायला उजव्या बाजूच्या एका इंजेक्टरचा प्लग काढावा. त्या सिलिंडरमधून न जळलेली हवा बाहेर जाईल आणि उजवा सेन्सर लीन दाखवेल. डाव्याने दाखवलं तर तपास संपला.

दुसरं कारण चोक झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. समजा उजव्या बाजूचा कन्व्हर्टर आतून वितळून अर्धा बंद झाला. उजव्या सिलिंडरांतला धूर पुरता निघत नाही, म्हणून ताजी हवाही पुरती आत येत नाही. शंभर भाग हवेतले चाळीस उजवीकडे आणि साठ डावीकडे गेले, तर संगणक मात्र पन्नास-पन्नासचंच पेट्रोल देतो. उजवी रिच, तिचा ट्रिम उणे वीस, डावी लीन, तिचा अधिक वीस, सरासरी शून्य. लीनचा कोड डाव्या बाजूचा येतो आणि रोगी असते उजवी. डाव्या बाजूचे व्हॅक्युम होज तपासण्यात दिवस घालवणारा मेकॅनिक आणि बिचारी निरोगी डावी बँक हे दृश्य फार नेहमीचं आहे. जोर लावला की हा फरक वाढतो हीच त्याची खूण. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबमापक लावला आणि अडीच हजार आरपीएमला तीन पीएसआयच्या वर काटा गेला, तर कन्व्हर्टर गेला म्हणून समजावं. हवेऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या जुन्या स्पीड-डेन्सिटी गाडीत, म्हणजे १९८८ पर्यंतच्या बहुतेक मस्टँगमध्ये, हा आरसा अर्धाच दिसतो: चोक झालेली बाजू उणेमध्ये जाते, दुसरी आपल्या जागी राहते.

तिसरं कारण कॅमशाफ्टची वेळ. मस्टँगच्या पाच लिटरमध्ये एकच कॅम ब्लॉकमध्ये आहे, तो सरकला तर दोन्ही बँका सारख्याच बिघडतात. पण ज्यांच्यात प्रत्येक रांगेच्या डोक्यावर वेगळा कॅम आहे, फोर्डचंच पुढचं ४.६ लिटर, टोयोटा आणि होंडाची पट्ट्यावर चालणारी व्ही-सहा इंजिनं, तिथे टायमिंग बेल्ट किंवा चेन बदलताना एका बाजूचा कॅम एक दात पुढे-मागे बसला की त्या बँकेचं श्वास घेणंच बदलतं. कॉम्प्रेशन तपासलं तर एकट्या सिलिंडरचं कमी निघत नाही, अख्ख्या रांगेचं निघतं. कन्व्हर्टर आणि कॅम यांतला फरक ट्रिम सांगत नाही. तो दाबमापक आणि कॉम्प्रेशन गेज सांगतात.

आरशाचा नमुना सोडला तर उरतात एकाच बाजूचे बिघाड: एक बँक शून्याच्या जवळ, दुसरी भरकटलेली. त्यातही लीन दिसणारी बँक हा खरा गुंत्याचा भाग, कारण तिथे खरं लीन आणि खोटं लीन अगदी सारखे दिसतात.

खरं लीन बहुधा इनटेकच्या गळतीमुळे. आयडलला पाच लिटरचं इंजिन सेकंदाला साधारण पाच ग्रॅम हवा ओढतं, म्हणजे एका बँकेच्या वाट्याला अडीच. एका रनरच्या गॅस्केटमधून ०.४ ग्रॅम चोरून आत येत असेल तर त्या बँकेत सोळा टक्क्यांची तूट. अडीच हजार आरपीएमला तीच बँक दहा ग्रॅम ओढते आणि त्याच भोकाची चोरी चार टक्क्यांवर येते. म्हणून आयडलला मोठा आणि वेग वाढला की विरघळणारा आकडा दिसला की हवेची गळती, आणि भार वाढला की वाढणारा दिसला की पेट्रोल कमी पडतंय, चोक झालेला इंजेक्टर वगैरे. हा नियम पुस्तकात असतो आणि खराही आहे. पण एक्झॉस्टची गळतीही जवळजवळ याच चालीने वागते हे पुस्तकं घाईत सांगून पुढे जातात. सेन्सरच्या आधी हेडरचं (सिलिंडरांतून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याचं) गॅस्केट फुटलं की धुराच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपात किंचित ओढ तयार होते आणि बाहेरची हवा आत येते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ ओरडतो, संगणक पेट्रोल ओततो, आणि बँक प्रत्यक्षात रिच चालते. वेग वाढला की धुराचा दाब त्या फटीतून बाहेरच ढकलतो, हवा आत यायचं कमी होतं, आकडा उतरतो. म्हणजे ट्रिमच्या तक्त्यावर इनटेक आणि एक्झॉस्ट सख्खी भावंडं.

त्यांना वेगळं करणारी गोष्ट म्हणजे कन्व्हर्टरच्या आधी घेतलेलं गॅस ॲनालायझरचं वाचन. खऱ्या लीन मिश्रणात ऑक्सिजन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी. खोट्या लीनमध्ये दोन्ही जास्त, कारण सिलिंडरात पेट्रोल जादा जळतंय आणि हवा मागाहून मिसळतेय. ॲनालायझर नसेल तर थंड इंजिन चालू करून कान द्यावा: हेडरच्या फटीची टिकटिक धातू गरम होऊन फुगला की बंद होते. गॅस्केटजवळची काजळीची रेघ तर डोळ्यांनाच दिसते. ट्यूनिंगच्या गाड्यांत ही शक्यता मी सगळ्यात वर ठेवतो, कारण बाजारातले हेडर आणि त्यांच्याबरोबर येणारी कागदी गॅस्केटं मूळच्या ओतीव मॅनिफोल्डइतकी सपाट बसत नाहीत.

तिसरं भावंड मिसिंग. बँकेतल्या चारपैकी एका सिलिंडरचा प्लग पेटत नसेल तर त्याची सगळी हवा न जळता सेन्सरवर येते, सेन्सर पाव हिस्सा लीन दाखवतो, आणि संगणक उरलेल्या तीन निरोगी सिलिंडरांना पेट्रोल पाजत सुटतो. तिघांचे प्लग काळे आणि एकाचा ओला, असं दिसलं की पेट्रोलचा विषय बंद करून कॉइल आणि वायरकडे वळावं.

इनटेकची गळती शोधताना एक जागा हमखास सुटते. पाच लिटरच्या खालच्या मॅनिफोल्डचं गॅस्केट दोन रांगांच्या मधल्या खोऱ्याकडे, आतल्या अंगाला फाटू शकतं. तिथून इंजिन बाहेरची हवा नाही, क्रँककेसमधली तेलकट वाफ ओढतं. बाहेरून कार्ब क्लीनर फवारून काहीच कळत नाही. क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारी पीसीव्हीची नळी बंद करून, तेलाचं झाकण लावून, डिपस्टिकच्या नळीवर व्हॅक्युम मिळतो का बघावं. मिळाला तर गळती आत आहे. फवारणीबद्दल बोललोच आहे तर: तापलेल्या हेडरवर क्लीनर फवारणं हा आग लावायचा हमखास मार्ग आहे. कमी दाबाचा धूर सोडणारं स्मोक मशीन आता परवडण्याजोगं झालंय, ते वापरावं.

मस्टँगमध्ये अजून एक खोटं लीन घरचंच आहे. प्रदूषण कमी करायला फोर्डने पंपाने हवा थेट हेडच्या मागच्या बाजूने एक्झॉस्ट पोर्टांत सोडली होती. त्या यंत्रणेचं नाव थर्मॅक्टर. इंजिन गरम झाल्यावर ही हवा व्हॉल्व्हने मागे कन्व्हर्टरकडे वळवायची असते. व्हॉल्व्ह अडकला तर सेन्सरच्या आधीच हवा मिसळत राहते. कित्येकांनी पंप काढून फेकला आणि हेडच्या मागची नळी नीट बंद केली नाही. एका हेडची बूच गळू लागली की त्या बाजूचा सेन्सर लीन दाखवू लागतो.

रिच बाजूच्या बिघाडांत एवढी कोडी नाहीत. ठिबकणारा इंजेक्टर आयडलला जास्त आणि भारावर कमी दिसतो. इंधनाच्या दाबाच्या रेग्युलेटरचा पडदा फाटला की पेट्रोल त्याच्या व्हॅक्युम नळीतून मॅनिफोल्डमध्ये येतं, आणि ती नळी मॅनिफोल्डला जिथे जोडली आहे त्या बाजूचे सिलिंडर आधी रिच होतात. नळी काढून वास घेतला की उत्तर मिळतं. सामाईक भागानेही बँकांमध्ये फरक पाडावा, अशी ही एक पळवाट आहे. टाकीची वाफ ओढणारी पर्ज लाइनही कधीकधी असाच पक्षपात करते.

सरासरी आणि फरक वेगळे ठेवण्याचा फायदा आज महाराष्ट्रात जुनी गाडी चालवणाऱ्याला सगळ्यात जास्त आहे, कारण पंपावरचं पेट्रोलच बदललंय. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाचं आदर्श प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेल्या संगणकाला त्यासाठी सात-आठ टक्के जादा वेळ इंजेक्टर उघडावा लागतो. पुण्या-मुंबईत जुन्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, अकॉर्ड घेऊन बसलेल्या हौशी मंडळींच्या स्कॅनरवर दोन्ही बँका अधिक आठवर दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. मात्र एक अधिक आठ आणि दुसरी अधिक वीस दिसली, तर आठ इथेनॉलचे वजा करून उरलेल्या बाराचा शोध घ्यावा.

यांतल्या युरोपीय गाड्यांत ट्रिम दोन जातींची मिळते: आयडलच्या आसपास लागणारी बेरजेची आणि भारावर लागणारी गुणाकाराची. बेरजेचा आकडा एका बँकेत भरकटला तर गळती किंवा इंजेक्टरच्या उघडण्याच्या वेळेतला फरक. एका बाजूच्या वायरिंगमध्ये रोध वाढून व्होल्टेज पडलं की सुई उशिरा उचलते, तेही इथेच दिसतं. गुणाकाराचा भरकटला तर मापाचा किंवा वाहण्याचा प्रश्न. एम-५४ मध्ये क्रँककेस ब्रीदर आणि एअर मीटरच्या पुढचा रबरी बूट हे नेहमीचे गुन्हेगार दोन्ही बँकांना सारखेच छळतात. एकटे मागचे तीन सिलिंडर लीन असतील तर बूट बदलून काही होणार नाही.

सेन्सर मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. बाजारात तो सगळ्यात आधी बदलला जातो, कारण कोडमध्ये त्याच्या आसपासचं नाव येतं आणि बदलणं सोपं असतं. दोन्ही सेन्सर सारखे असतील तर नवा घेण्याआधी ते प्रत्यक्ष काढून उजव्याचा डावीकडे आणि डाव्याचा उजवीकडे बसवावा, स्मरण पुसून गाडी चालवावी. फरक सेन्सरबरोबर बाजू बदलून गेला तर सेन्सर दोषी. जागच्या जागी राहिला तर इंजिन. या चाचणीला एक पैसा लागत नाही. बदलायची वेळ आलीच तर जोडीने बदलावेत, एक म्हातारा आणि एक तरुण ठेवला तर नवा फरक आपणच तयार करतो. आणि सेन्सरची जात तपासावी: रोव्हर व्ही-आठच्या ल्युकास १४-सीयूएक्स यंत्रणेत किंवा निसान ३००-झेडएक्समध्ये टायटानियाचे सेन्सर आहेत, ते व्होल्टेज निर्माण करत नाहीत, त्यांचा रोध बदलतो. झिर्कोनियाचा तिथे चालत नाही.

यानंतर येतो ट्यूनरचा मोह. मेगास्क्वर्टसारख्या स्वतंत्र संगणकात, किंवा मूळ संगणकाचा नकाशा नव्याने लिहिताना, एका बँकेला कायमचं बारा टक्के जादा पेट्रोल लिहून टाकता येतं. स्कॅनरवर दोन्ही आकडे शून्य होतात, गिऱ्हाईक खूश होतं. मला हे काम नापसंत आहे, आणि कारण चवीचं नाही, भौतिकीचं आहे. गळती आयडलला सोळा आणि वेगात चार टक्के असते. कायमचा बारा कुठेच बरोबर बसत नाही. शिवाय पूर्ण थ्रॉटलवर संगणक सेन्सरचं ऐकणं सोडतो. जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेत लाँग टर्मचा अधिक आकडा तिथेही लागू राहतो, उणे मात्र सोडून दिला जातो. म्हणजे एक्झॉस्टच्या फटीमुळे अधिक बारा झालेली बँक पूर्ण जोर लावताना बारा टक्के रिच, आणि शेजारची बरोबर. नकाशात हाताने उणे लिहिलं असेल तर परिणाम उलटा आणि महाग: सेन्सर खोटं रिच सांगत होता, बँक पूर्ण भारावर लीन झाली, पिस्टन गेला. इंजेक्टर बाकावर मोजून दोन संचांत खरा फरक निघाला, तर तो त्याच फरकापुरता नकाशात लिहावा. बाकीचं पान्याने करायचं काम आहे.

दोष काढल्यावरही तीन-चार टक्क्यांचा फरक राहतो आणि तो राहू द्यावा. दोन हेडरांच्या नळ्या सारख्या लांबीच्या नसतात, एका बाजूचा सेन्सर स्टिअरिंगच्या शाफ्टमुळे चार बोटं मागे सरकलेला असतो, ई-३०३ सारख्या जास्त ओव्हरलॅपच्या कॅमवर आयडलला थोडी हवा न जळता पुढे जातेच. आयडलचे आकडे असल्या कॅमवर तसेही फार मनावर घेऊ नयेत.

आणि दोन्ही बँका शून्यावर आल्या म्हणजे आठही सिलिंडर ठीक आहेत असं नाही. सेन्सर चार सिलिंडरांची सरासरी वाचतो. एक दहा टक्के लीन आणि शेजारचा दहा टक्के रिच असेल तर ट्रिमला पत्ताच नसतो. त्यासाठी प्लग काढून ओळीने मांडावेत किंवा हेडरच्या प्रत्येक नळीचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यावं. मस्टँगवाल्यांना फोर्डने त्या काळी एक सोयही दिली होती: इंजिन चालू ठेवून स्वयंचाचणी संपली की ॲक्सिलरेटर जरासा दाबून सोडायचा, संगणक एकेक इंजेक्टर बंद करून आरपीएम किती पडतात ते बघतो. कोड ९० आला तर सगळे बरोबरीने काम करतायत, ३० आला तर तिसरा सिलिंडर, ७० आला तर सातवा.